पीएच मोजणारे डिजिटल पेन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागला आमच्याकडे बोअरच्या पाण्यावर गोल्डफिशची तीन फुटी टाकी आहे. पाण्यात थेंब टाकून रंगावरून पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचा आकडा) सांगणाऱ्या किटमध्ये 7.6 च्या पुढे सगळे पाणी एकसारखेच निळे दिसत असल्यामुळे शहरातल्या एका दुकानातून हे पेन घेतले.

पहिल्याच दिवशी त्याने 8.9 दाखवले, मासे मात्र मजेत पोहत होते, त्यामुळे शंका यंत्राचीच आली. सोबतच्या पुडीतली, ठरलेला 6.86 पीएच देणारी भुकटी डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यात टोक बुडवले, तर आकडा 7.5. बटण दाबून जुळवणी केल्यावर टाकीचे पाणी 8.2 वर आले. ही जुळवणी दुकानदाराने सांगितली नव्हती, आणि माहितीपत्रकाचे अक्षर भिंगाखाली धरावे इतके बारीक आहे. काचेचे टोक कोरडे पडले की आकडा पुन्हा भरकटतो, म्हणून टोपणात साठवणीचे द्रावण ठेवावे लागते. हा खर्च घेतानाच धरावा.

त्याच दुकानाने पीएच उतरवणाऱ्या आम्लाची बाटलीही गळ्यात मारली. ती ओतल्यावर पीएच 7.4 झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत 8.1, कारण जड पाण्यातला बायकार्बोनेट हा क्षार आम्लाला पुरून उरतो. गोल्डफिशला स्थिर 8.2 चालतो, अशी रोजची चढउतार सोसत नाही. बाटली माळ्यावर गेली. पेन मात्र दर रविवारी, पाणी बदलण्यापूर्वी, वापरात आहे.