शटर ओढून जावं की चालू ठेवून? छोट्या धंदेवाल्याची सुट्टी

नोकरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७०चा करार आहे. वर्षाला किमान तीन आठवडे पगारी रजा, आणि ती तोडून घेतली तरी त्यातला एक भाग सलग दोन आठवड्यांचा. स्वतःचा धंदा असला की हे लागू होत नाही. रजा मागायची कुणाकडे आणि नाकारायची कुणी, दोन्ही आपणच.

माझं छपाईचं छोटं काम आहे, हाताखाली मोजकी माणसं. घरच्यांना घेऊन जायच्या दोन्ही रीती मी करून पाहिल्या आहेत: काम चालू ठेवून, कुणाच्या तरी भरवशावर सोडून जाणं, आणि सरळ शटर ओढून जाणं. जोडून आलेल्या सुट्टीत दोन-तीन दिवस पळून येणं ही तिसरी रीत. तिच्यात वाईट काही नाही, पण एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात जातो, म्हणून मी तिला सुट्टीत धरत नाही.

पैशाच्या हिशेबात चालू ठेवून जाणं उजवं, यात वाद नाही. जागेचं भाडं आणि माणसांचे पगार तसेही द्यायचेच असतात, मग मशीन का थांबवायचं? नेहमीचं गिऱ्हाईक हलत नाही. शिवाय मागे राहणारा माणूस तयार होतो. आमच्याकडचा एक जण माझ्या गैरहजेरीतच दर सांगायला आणि नाही म्हणायला शिकला. तुमचा माल नाशवंत असेल, महिन्याच्या कराराची कामं असतील किंवा लोक रोज तुमच्यावर अवलंबून असतील, तर बहुधा हाच मार्ग आहे.

मला तो सोडावासा वाटला त्याची सुरुवात ओटीपीपासून झाली. कागदवाला पैसे आल्याशिवाय माल सोडत नाही. पैसे पाठवायचे ऑफिसातून आणि ओटीपी येणार माझ्या फोनवर. मी डोंगरात, रेंज नाही. घरचे पुढे चालत गेलेले आणि मी रेंज येईल अशा एका वळणावर उभा. ओटीपी येतो, मी वाचून दाखवतो, तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा पाठवा. पुन्हा उभं राहा.

यावर उपाय आहे. बऱ्याच बँका धंद्याच्या खात्यावर दुसरा वापरकर्ता जोडून देतात आणि त्याला रकमेची मर्यादा घालता येते. मी ते करून घेतलं आणि ओटीपीची कटकट संपली. फोन मात्र हातातून सुटला नाही. प्रूफ पाहून गिऱ्हाईक म्हणतं, 'मालकांना विचारा.' तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कागद संपला, त्याहून पातळ अडीचशेचा चालेल का? उधारी द्यायची का? प्रत्येक फोन एका मिनिटाचा. पण ते मिनिट पुढचा अर्धा तास घेऊन जातं. सोफी लेरॉय या अभ्यासिकेने २००९ मध्ये हेच मांडलं होतं: एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. आमच्या मुलांनी तिचं काही वाचलेलं नाही, तरी पत्ते खेळताना नियम केला होता की बाबांचा फोन वाजला की डाव पुढच्याकडे.

बायकोची तक्रार वेगळीच होती. फोन येतात त्याबद्दल ती काही म्हणत नसे. सकाळभर एकही आला नाही की मीच फोन लावून 'सगळं ठीक ना?' विचारतो, याचा तिला राग. यावर कुठल्याही बँकेकडे उपाय नाही. दुकान चालू आहे हे डोक्यात असलं की माणूस अर्धा तिथेच असतो, निदान मी तरी.

आता शटर ओढण्याबद्दल. नुकसान होतं. घाईचं काम घेऊन आलेला माणूस दुसरीकडे जातो आणि त्यातले काही परत येत नाहीत. नेहमीचे बहुतेक थांबतात असा माझा अनुभव. तुमच्या शेजारीच दुसरा छापखाना असेल तर चित्र वेगळं असू शकेल. महिनाभर आधी सांगायचं, आणि 'काही दिवस बंद' असं मोघम न लिहिता तारखा द्यायच्या. निघण्याआधीच्या आठवड्यात नवं काम घ्यायचं नाही, हे सगळ्यात जड जातं. पाटीवर उघडायची तारीख एक दिवस पुढची लिहावी. हाती राहिलेल्या त्या एका दिवसात शटर अर्धंच वर ठेवून साचलेले मेल पाहून होतात, मशीनची सर्व्हिसिंगही उरकते. सगळ्यांची रजा एकदम पडल्याने वर्षभरातल्या अधूनमधूनच्या दांड्याही कमी होतात, हा फायदा मी धरलाच नव्हता.

खरी अडचण वेळ साधण्याची आहे. धंद्याचा मंदीचा महिना आणि शाळेची सुट्टी एकाच वेळी येतील असं नाही. दोन-तीन वर्षांची बिलं काढून पाहा. निदान काही दिवस तरी जुळतात. किती दिवस जावं, याला एक आधार सापडतो. नेदरलँड्समधल्या ५४ नोकरदारांच्या मोठ्या सुट्ट्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना सर्वांत बरं वाटलं ते आठव्या दिवसाच्या सुमारास, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं पूर्वपदावर. ते नोकरदार होते, आपल्याला तंतोतंत लागू पडेल असं नाही. तरी सलग आठ-दहा दिवस बंद ठेवणं आणि महिनाभराच्या बंदची स्वप्नं न पाहणं मला पटतं.

एकदम जमणार नसेल तर मंदीत चार दिवस बंद ठेवून पाहा, काय तुटतं ते कळेल. आणि आग-पाण्यासाठी एक वेगळा साधा फोन ठेवा. नंबर फक्त जागामालकाला आणि एका जुन्या माणसाला द्या. माझ्या त्या फोनवर बहुतेक राँग नंबरच येतात.