सड्यावरच्या मांगरात लिथियम बॅटरी: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, आमची कलमं आहेत आणि कलमांत मांगर, म्हणजे बागेतलं घर. महावितरणची लाइन खाली वाडीपर्यंत, वर नाही. त्यामुळे वरचं सगळं सोलरवर: सव्वा किलोवॉटच्या आसपास पॅनेल, पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. त्यावर दिवे, दोन पंखे, टीव्ही, लहान फ्रीज आणि टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या एचपीचा पंप. राखणदाराचं कुटुंब बारा महिने तिथेच राहतं, म्हणजे वीज हौसेपुरती नाही.

आधी १५० एएचच्या (अँपियर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर वाडीतली मंडळी मोबाइल चार्ज करायला वर यायची ती याच बॅटऱ्यांवर. त्यांना नावं ठेवणार नाही. पण गेल्या पावसात रात्री नऊलाच इन्व्हर्टर ओरडायला लागला, तेव्हा बदलायचं ठरलं.

बॅटरी घेताना जो तो विचारतो, किती एएचची? कोकणात त्याआधी वेगळं विचारायला हवं: मृगापासून हस्तापर्यंत ही अर्धवट चार्ज राहणार, ते तिला सोसेल का? लेड-ॲसिडला नाही सोसत. ती पूर्ण भरली नाही की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की ते विरघळत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते. आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत दुसरं काय होणार? म्हणून देशावरच्या पाहुण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा धरू नये. त्याच्याकडे ऊन लवकर परत येतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. उलट कायम शंभर टक्क्यांवर ठेवणंच तिला फारसं मानवत नाही. मी घेतली ती २५.६ व्होल्ट, १०० एएच. दुकानदार १२.८ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये जोडून देत होता, स्वस्तही पडत होत्या. नको म्हटलं. बीएमएस म्हणजे सेल सांभाळणारं, गरज पडली तर बॅटरी तोडणारं आतलं सर्किट; दोन बॅटऱ्यांचे दोन बीएमएस एकमेकांना ओळखत नाहीत. एक आधी भरते, दुसरी मागे राहते आणि शेवटी एक बंद पडली की दोन्ही बंद. आठही सेल एकाच बीएमएसखाली असलेली बॅटरी बरी.

१५० काढून १०० लावली म्हणजे वीज कमी झाली, असं आमच्या शेजाऱ्यांचं अजून मत आहे. हिशेब करून बघा. जुनी कागदावर ३,६०० वॉट-तास, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे १,८००. नवी २,५६०, त्यातले ८० टक्के बिनघोर काढले तरी २,००० च्या वर.

मात्र खरा फरक जुलैत कळला, आणि तो साठ्याचा नव्हता. लेड-ॲसिड भरत आली की करंट घेणं कमी करते, शेवटचा भाग तासन्‌तास रखडतो. पावसात ऊन पडतं ते तास-दीड तास. लिथियम तेवढ्यात पॅनेल देईल ते सगळं ओढून घेते, जवळजवळ भरेपर्यंत. वाया जाणारी वीजही कमी: लेड-ॲसिडमध्ये घातलेल्यातली पंधरा-वीस टक्के जाते, इथे पाचेक. एरवी याचं एवढं अप्रूप नाही, पण ढगातून चिमूटभर ऊन मिळतं तेव्हा आहे. तरी सलग झडीत फ्रीज बंद ठेवावाच लागला. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही.

आता त्रास. दुकानदार म्हणाला होता, “काका, जुनी काढा, ही लावा, बाकी काही बघू नका.” बघावं लागतं. कंट्रोलरमधलं इक्वलायझेशन, म्हणजे लेड-ॲसिडसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, बंद करायचं, नाहीतर दर महिन्याला तो व्होल्टेज चढवणार आणि बीएमएस बॅटरी तोडणार. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद. मी चार्जिंग २८ व्होल्टवर ठेवलंय, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) २७. पावसात जरा उघडीप मिळाली की एक दिवस पंप-टीव्ही बंद ठेवून बॅटरी पूर्ण भरू द्यायची, कारण सेल एकमेकांशी जुळवून घेतात ते भरत आल्यावरच.

इन्व्हर्टरवरच्या बॅटरीच्या काड्या तर निरुपयोगी झाल्या. लिथियमचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही; २६च्या आसपास रेंगाळतो आणि संपत आली की एकदम कोसळतो. शंटवाला मीटर लावला, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजतो. हा खर्च टाळू नका.

पंप सुरू होताना पाच-सहापट करंट ओढतो. जुन्या बॅटऱ्या कुरकुरत का होईना द्यायच्या. इथे बीएमएस सरळ तोडतो आणि सगळा मांगर अंधारात. सध्या पंप दुपारी, पॅनेल जोरात असताना, बाकी भार बंद करून चालवतो.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर टर्मिनलवर हिरवट-पांढरं धरणं, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिडचा वास हे संपलं. पण आत सर्किट आहे. माहितीपत्रकात हजारो सायकल, म्हणजे भरण्या-रिकामं होण्याच्या फेऱ्या, लिहितात. मला वाटतं, किनाऱ्याजवळ सेलच्या आधी बीएमएस जाईल. म्हणून घेताना दोनच गोष्टी खोदून विचारल्या: पेटी स्क्रूची आहे की कायमची बंद, आणि बीएमएस वेगळा मिळतो का. मुंगळे इन्व्हर्टरमध्ये शिरतात तसे इथेही शिरतील, म्हणून बॅटरी जांभ्याच्या ओट्यावर, पत्र्यापासून लांब ठेवलीय.

बजेट नसेल तर ट्युब्युलर घेण्यात कमीपणा नाही. मला लिथियम दुपटीहून महाग पडली. फक्त सी१० रेटिंगची, म्हणजे दहा तासांत रिकामी करून मोजलेली, घ्या. सी२० वर मोजलेले १५० एएच म्हणजे साडेसात अँपियरने वीस तास; त्याहून भरभर काढलेत तर तेवढे मिळत नाहीत. शिवाय ट्युब्युलरच्या शिशाला भंगारातही भाव आहे, माझ्या दोन्ही वजनावर गेल्या. लिथियमचं पुढे काय होणार, बघू.

जुलैत दुसरी बॅटरी जोडायचं मनात होतं. आता त्या पैशांत दोन पॅनेल घेतोय. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे ही दोन दक्षिणेला फार कलती न करता जवळजवळ आडवीच बसवणार, फक्त पाणी निथळेल एवढा उतार देऊन. मोहोर धरायच्या आत स्टँडचं काम उरकायचं आहे. एकदा फवारण्या सुरू झाल्या की गडी मिळत नाहीत.