गणित मंडळातला जिओबोर्ड: दिवाळीपासून वापरल्यानंतर

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही तिसरी-चौथीच्या मुलांचं गणित मंडळ चालवतो, दर रविवारी सकाळी. दिवाळीनंतर त्यासाठी जिओबोर्ड घेतले. आता उन्हाळा लागलाय, मुलांनी ते मनसोक्त हाताळलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू साधी. प्लास्टिकची पाटी, पाच ओळींत पाच-पाच खुंट्या आणि रंगीत रबरं. मागच्या बाजूला खुंट्या गोलात आहेत. ती फारशी वापरली नाही.

खरी मजा चौरसांत आहे. "या पाटीवर एकूण किती चौरस बसतात?" हा एकच प्रश्न कित्येक रविवार पुरला. सरळ बसणारे ३० मुलं काढतात आणि झालं म्हणतात. मग एका मुलीने रबर तिरकं लावलं. शेजारचा लगेच ओरडला, "बाई, ही शंकरपाळी आहे, चौरस नाही!" मी गप्प राहिले. तिने कागदाला दोन घड्या घालून काटकोन केला, चारही कोपऱ्यांत लावून दाखवला आणि पाटीच फिरवून त्याच्यापुढे धरली. तिरके २० धरून ५० होतात. तिथवर पोरं आपली आपण पोचली.

पुढे क्षेत्रफळ. चार शेजारच्या खुंट्यांमधला छोटा चौरस म्हणजे एक घर. उदाहरणार्थ, एखाद्या तिरक्या चौरसाभोवती ३ बाय ३ चा चौरस ताणायचा. त्याची ९ घरं, कोपऱ्यांतले चार त्रिकोण एकेका घराएवढे, ते वजा केले की उरली ५. अशी १, २, ४, ५, ८, ९, १० आणि १६ घरांचे चौरस मिळतात. ३ घरांचा मात्र बसतच नाही. का, ते मी सांगितलेलं नाही. दोघं-तिघं अजून शोधतायत.

घरी तेलुगू बोलणारी मुलं मराठीत कारण सांगताना अडखळतात, रबर ताणून दाखवताना अजिबात नाही. माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. एकाचे वडील यंत्रमागावर आहेत. त्याने चादरीवरची नक्षी घरं मोजून पाटीवर उतरवली!

तक्रार रबरांची. इथल्या उन्हात ती वाळतात, तडकतात आणि तुटताना सपकन लागतात. पाटी तोंडाजवळ धरू देऊ नका. कोपऱ्यातल्या खुंट्यांवर जास्त ताण येतो, त्यातल्या काही मोडल्या.

घेणार असाल तर दोघांत एक घ्या. प्रत्येकाला वेगळा दिला की जो तो झोपडी, पतंग अशी चित्रं करत बसतो. दोघांत एक असला की वाद होतो, आणि वाद मिटवायला घरं मोजावीच लागतात. जूनसाठी मी सुताराकडे लाकडी पाट्या करायला टाकल्यात, गोल डोक्याचे खिळे लावून.