केफिरची बाटली की आंबवलेल्या कोबीची बरणी?

‘पोटासाठी चांगलं’ असं लिहिलेल्या बाटल्या-बरण्यांनी सुपरमार्केटचा अर्धा फ्रिज भरलेला असतो आणि घ्यायचं नेमकं काय, ते कळत नाही. तिथे अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. आतड्यातले जिवाणू किती महत्त्वाचे वगैरे तुम्ही वाचलं असेलच, ते सोडून देतो. मी चार गोष्टी आलटून पालटून घरी आणल्या: केफिर म्हणजे दूध आंबवून केलेलं ताकासारखं पेय, सॉवरक्राउट म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, कोम्बुचा, आणि ‘प्रीबायोटिक’ म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य, या नावाने मिळणारी सोड्याची पेयं नि खायचे बार. त्यातल्या दोघांचा निकाल लवकर लागला.

आधी बार आणि सोड्याची पेयं. यात बहुतेक वेळा चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन नावाचं तंतू असतं. ते थोतांड नाही. रोज १२ ग्रॅम चिकोरी इन्युलिन घेतल्यास पोट नियमित साफ व्हायला मदत होते, असा दावा पाकिटावर छापायला युरोपियन युनियनने २०१५ मध्ये रीतसर परवानगी दिली आहे. पण हा तंतू लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. माझं पोट दुपारच्या बारनंतर संध्याकाळपर्यंत असं तट्ट फुगायचं की पँटचं बटण काढून बसावं लागे. कांदा-लसणाने ज्यांना त्रास होतो त्यांनी जरा जपूनच, कारण त्यातही याच जातीचे तंतू असतात.

कोम्बुचा चवीला मला सगळ्यात आवडला. पण तो गोड चहा आंबवून केलेला असतो आणि सगळी साखर काही त्यात संपत नाही. काही कंपन्या बाटलीत भरण्याआधी तो तापवून पाश्चराइझ करतात, म्हणजे जिवाणूंचा विषयच संपला. शिवाय साखरेचा आकडा कधी कधी अर्ध्या बाटलीचा छापलेला असतो. अर्धी बाटली उद्यासाठी ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. कोल्डड्रिंकऐवजी म्हणून उत्तम, रोजच्या पोटाच्या कामासाठी मी त्यावर विसंबणार नाही.

राहिले दोघे, आणि खरी अडचण इथेच आहे, कारण दोन्ही चांगले आहेत.

कागदावर केफिर सरस. आंतरराष्ट्रीय अन्नमानक ठरवणाऱ्या कोडेक्सच्या निकषानुसार केफिरमध्ये ग्रॅममागे किमान एक कोटी जिवाणू लागतात आणि वर दहा हजार यीस्ट. साध्या योगर्टला यीस्टची अट नाही. प्रथिनं मिळतात, कॅल्शियम मिळतं, आणि आंबताना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, काही प्रमाणात कमी झालेलं असल्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना ते चालून जातं. सकाळी ग्लासभर प्यायलं की काम झालं, चावायची सुद्धा गरज नाही.

माझं बिनसलं ते बाटलीशी. झाकण उघडलं की ‘अमुक दिवसांत संपवा’ ही मुदत सुरू होते. घरात बाकी कुणी केफिरला हात लावत नाही आणि बिनसाखरेचं साधं केफिर मला मिळतं ते मोठ्या बाटलीतच. छोट्या बाटल्या असतात, पण त्या स्ट्रॉबेरी नाहीतर व्हॅनिला, साखर घातलेल्या. पहिला ग्लास झकास लागतो. पुढे आंबटपणा चढत जातो, झाकण फिरवताना फुस्स होतं, बाटलीच्या गळ्याशी घट्ट थर साचतो. शेवटी शेवटी मी पोटासाठी पीत नव्हतो, वाया जाऊ नये म्हणून पीत होतो. बाहेरगावी जायचं असलं की जाण्याआधी दोन-दोन ग्लास रिचवायचे. ही तक्रार क्षुल्लक आहे हे मान्य, पण रोज करायच्या गोष्टीत क्षुल्लक कटकटच शेवटी महागात पडते, निदान माझ्या बाबतीत.

कोबीच्या बरणीला असली घाई नाही. फ्रिजमध्ये, खाऱ्या पाण्याखाली दाबलेला कोबी कित्येक आठवडे चांगला राहतो. काटा घालायचा, जेवणाबरोबर दोन चमचे काढायचे, उरलेला पुन्हा पाण्याखाली ढकलायचा. वर आलेला कोबी सुकतो आणि तपकिरी पडतो, तेवढं बघावं लागतं. वास येतो, हे लपवणार नाही. झाकण सैल राहिलं तर फ्रिज उघडणारा प्रत्येकजण विचारतो. मला त्याची सवय झाली, घरच्यांची व्हायचीय.

मिठाचं मात्र खरं. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे आणि दोन मोठे चमचे कोबीत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर केफिरच बरं. आंबवलेलं खाऊन डोकं धरत असेल तर दोन्ही जरा जपून घ्या, त्यात हिस्टामिन नावाचं रसायन असतं, काहींना त्याने त्रास होतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावं.

फरक पडला का? मला जेवणानंतरचा जडपणा कमी वाटतो, पण त्याला पुरावा म्हणू नका. स्टॅनफर्डमधल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ निरोगी माणसांपैकी एका गटाला दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खायला दिले होते. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी काही प्रथिनं कमी झाली. फक्त ती माणसं दिवसाला सरासरी सहा वेळच्या वाढपाइतकं आंबवलेलं खात होती. माझे दोन चमचे त्यापुढे काहीच नाहीत.

बरणी घ्यायची ठरवलीत तर फ्रिजमधलीच घ्या. बाहेरच्या फळीवर असते ती बहुधा गरम करून बंद केलेली असते, चव तीच, पण जिवंत काही उरत नाही. घटकांत कोबी आणि मीठ असावं. व्हिनेगर दिसलं तर ते नुसतं आंबट लोणचं आहे, आंबवलेलं नव्हे. घरी आणल्यावर कोबी गरम पदार्थात शिजवू नका, वरून घाला, आणि पहिले काही दिवस एकच चमचा, नाहीतर त्या बारसारखीच गत होईल. घरात केफिर पिणारे दोघं-तिघं असतील तर माझा बाटलीचा सगळा मुद्दा बाद, खुशाल केफिर आणा. एकटेच खाणारे असाल तर छोटी बरणी आणा, पण पहिल्यांदा जांभळ्या कोबीची नको. उघडताना ती उतू जाते आणि ते पाणी शर्टावरून सहजासहजी निघत नाही.