सिगारेट सोडताना: तंबाखू-चुना की निकोटीन गम?
अमळनेरला आमच्या नानांनी सिगारेट सोडली आणि तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागले. धूर गेला, त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड गेला, हे खरं. पण गालात धरलेली ती चिमूट तोंडाच्या कॅन्सरला थेट आमंत्रण आहे. निकोटीन गम म्हणजे तलफ भागवायला थोडं निकोटीन देणारं च्युइंगम, त्यात तंबाखूच नाही. 2 मिलिग्रॅमची गोळी हळू चावायची, झिणझिणी आली की गालाशी धरायची. खर्च जास्त, तरी मी गमच्याच बाजूने.

अख्ख्या गावाचा हिशोब मांडायचा तर एका माणसाचा धोका पुरत नाही. किती जण सिगारेट सोडून पूर्ण वळले, किती जण सिगारेटही ओढत दोन्ही करत राहिले आणि बघून किती पोरं नव्याने लागली, हे तिन्ही धरावं लागतं. बांधावर चुन्याची डबी पोरांसमोरच फिरते. गम पाहून व्यसनाला लागलेलं पोर मी तरी पाहिलेलं नाही.