रेड विंग आयर्न रेंजर ८१११: कोल्हापूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

आधी एक इशारा. नाव आणि रूप खाणकामगाराचं असलं तरी हा अमेरिकी चामडी बूट सेफ्टी शू नाही. पुढच्या टोपीत चामड्याचे दोन थर आहेत, स्टील नाही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या कामावर हा घालून जाऊ नये.

रेड विंग ही कंपनी १९०५ साली मिनेसोटातल्या त्याच नावाच्या गावात चार्ल्स बेकमन यांनी १४ भागीदारांसह सुरू केली. चामडं येतं एस. बी. फूट टॅनरीतून. ती १८७२ची, म्हणजे बूट कंपनीहूनही जुनी, आणि आता रेड विंगच्याच मालकीची. या मॉडेलचं नाव मिनेसोटातल्या लोहखनिजाच्या 'आयर्न रेंज' पट्ट्यावरून आलंय. कातडं कमावण्यापासून शिलाईपर्यंत सगळं एकाच मालकीखाली ठेवणारे बूटवाले आता थोडेच उरलेत. या जोडीची खरी किंमत त्या चामड्यातच आहे.

८१११ला वापरलेलं अंबर हार्नेस हे तेल मुरवलेलं, जाड चामडं आहे. सुरुवातीला ते पायाशी भांडतं. टाच आणि घोट्यामागचा भाग सगळ्यात कडक, म्हणून पहिले काही आठवडे जाड सुती मोजे घालून रोज तास-दोन तासच वापरावा. पायाखालचं आतलं पान चामड्याचं, त्याखाली कॉर्कचा थर. वजनाने कॉर्क दबून पायाचा साचा धरतो आणि बूट आतून थोडा सैल पडतो. त्यामुळे दुकानात 'आरामशीर' वाटणारा नंबर घेऊ नये. स्पोर्ट्स शूजच्या नंबरपेक्षा अर्धा कमी बहुतेकांना बसतो. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. बोटं पुढे टेकत असतील तर तो नंबर सोडून द्यावा.

पावसाळ्यात खरी परीक्षा. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेली, तिला पाणी सोसत नाही, म्हणून आपण ती जूनमध्ये माळ्यावर टाकतो. हा बूट चिंब झाला तरी लगेच बिघडत नाही, वाळवताना बिघडतो. चुलीजवळ, हीटरपुढे किंवा कडक उन्हात ठेवला की तेल उडतं आणि वाकणीवर तडा जातो. फीत पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढावी, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून दर काही तासांनी बदलावेत, बूट आडवा करून तळालाही हवा लागू द्यावी. दोन दिवस तरी लागतात, म्हणून पावसाळ्यात एकच जोड रोज घालू नये.

पांढरी पूड दिसली की घाबरायचं नाही, आधी ओळखायचं. हेअर ड्रायरच्या हलक्या उबेने विरघळली तर चामड्यातली चरबी वर आलेली असते. कापसासारखी असेल, वास येत असेल तर बुरशी: ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावी, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसावं. चपलेला आपण खोबरेल पाजतो तसं इथे करू नका. जास्त झालेलं तेल खवट होतं आणि चामडं लुळं पडतं. चामड्याचं कंडिशनर हाताच्या बोटाने, पातळ, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. मिंक ऑइल (मिंक प्राण्याच्या चरबीचं तेल) लावलं तर रंग गडद होणारच.

जुन्या जोड्यांना नायट्रिल कॉर्कचा (रबर आणि कॉर्कच्या मिश्रणाचा) गुळगुळीत तळ यायचा, आता व्हायब्रम कंपनीचा ४३० हा बारीक खाचांचा येतो. तरी रंकाळ्याकाठच्या शेवाळलेल्या फरशीवर भरवसा ठेवू नये.

तळ बदलणं हाच या बुटाचा हिशोब. गुडइयर वेल्टमध्ये (टायरवाल्या नावाचाच धागा: रबर व्हल्कनाइझ करणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाचं नाव या यंत्राशी जोडलंय) वरचं चामडं आधी एका पट्टीला (हीच वेल्ट) शिवतात आणि तळ त्या पट्टीला. त्यामुळे तळ उसवला तरी वरच्या भागाला धक्का लागत नाही. पण नुसतं सोल्यूशन लावून नवं रबर चिकटवणारा कारागीर घाईत रापीने ती पट्टीच कापून टाकतो, तिथे बूट संपतो. शिलाई उसवून, जुन्याच भोकांतून आरीने पुन्हा शिवणार का, हे आधी विचारावं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये जाड चामड्याला सरावलेले हात भरपूर, वेल्टचं यंत्र मात्र सगळीकडे मिळेल असं नाही. टाच पट्टीपर्यंत झिजण्याआधी, शेवटचा रबराचा थर असतानाच बदलून घेतली की काम स्वस्तात होतं.