चार पात्यांचा व्हेन आणि एक उतावळं बटण

सिमेंटची पेस्ट ढकलल्याशिवाय हलत नाही. किती जोर लावला की ती हलायला लागते, तो आकडा म्हणजे यील्ड स्ट्रेस. तो मोजायला आम्ही टेबलावर मावणारा, व्हेन (दांड्याला जोडलेली चार पाती) लावायचा व्हिस्कोमीटर घेतला, म्हणजे पेस्टमध्ये पाती फिरवून तिचा विरोध मोजणारं यंत्र. चार महिने रोज वापरतेय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी व्हेनबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते त्याच्यावरच. पूर्वी आमच्याकडे गुळगुळीत सिलिंडर होता. त्याच्या भिंतीलगत पाण्याचा पातळ थर सुटतो आणि सिलिंडर त्या थरावरच घसरत फिरतो. पेस्ट जागची हलत नाही, आकडा मात्र येतो, तोही कमीच. व्हेनची पाती पेस्टमध्ये फारशी ढवळाढवळ न करता उतरतात आणि मधली पेस्ट त्यांच्याबरोबर एका दंडगोलासारखी फिरते. म्हणजे तुटते ती पेस्टच, पेस्टमध्येच. न्गुयेन आणि बोगर यांनी १९८३ मध्ये बॉक्साइट शुद्धीकरणातल्या लाल चिखलाचा यील्ड स्ट्रेस असाच मोजला होता. घट्ट घोळ कोणताही असो, युक्ती तीच.

आमचा व्हेन २० मिमी व्यासाचा, ४० मिमी उंच. पूर्ण बुडवला तर ५० पास्कल यील्ड स्ट्रेसच्या पेस्टला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो जेमतेम दीड मिलिन्यूटन-मीटर. एवढासा टॉर्क हे यंत्र न डगमगता पकडतं, त्याबद्दल शंभर गुण. पण वरची कड पेस्टच्या पृष्ठभागाशी बरोबर ठेवली, तर वरच्या तोंडाला पेस्ट लागतच नाही. सॉफ्टवेअर तरीही दोन्ही तोंडं धरून भागाकार करतं आणि उत्तर ७ टक्क्यांनी कमी देतं. माहितीपुस्तकात यावर अवाक्षर नाही. आम्ही आता व्हेन खोलवर बुडवतो, विषय संपला.

खरं भांडण त्या ‘यील्ड स्ट्रेस’ नावाच्या बटणाशी आहे. पहिल्याच आठवड्यात एकाच गोणीतलं सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४०, आणि आकडे ३८ नि ६१. मी यंत्राला नावं ठेवली, सहकाऱ्याने मला. शेवटी वहीत बघितलं तर पहिलं माप मिसळल्या मिसळल्या घेतलेलं, आणि दुसऱ्या वेळी मी दहा मिनिटं फोनवर होते. तेवढ्यात पेस्ट बसते: कण एकमेकांना धरतात, जिथे टेकतात तिथे हायड्रेशनमुळे, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या रासायनिक प्रक्रियेमुळे, जोड पक्के होत जातात. पुन्हा जोरात ढवळलं की त्यातलं बरंचसं मोडतं. हे बटण ‘किती वेळ स्थिर ठेवली?’ असं विचारतच नाही. वर आणखी एक: ते वेग वाढवत नेऊन वेग आणि ताण यांच्या आलेखावर बिंगहॅमची सरळ रेषा बसवतं आणि ती शून्य वेगापर्यंत मागे ओढतं. त्यातून कळतो तो वाहत्या पेस्टचा आकडा. थांबलेली पेस्ट हलवायला लागणारा आकडा वेगळा, आणि बहुतेकदा मोठा. पंप बंद पडून पुन्हा सुरू करायचा असेल तर हा दुसराच हवा.

विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, ‘मॅडम, सिलिकॉन तेलावर कॅलिब्रेट करून दिलंय.’ अहो, त्या तेलाला यील्ड स्ट्रेसच नसतो! त्याने टॉर्क तपासला जातो, एवढंच.

म्हणून बटणाला हात लावत नाही. एक मिनिट ढवळते, स्टॉपवॉच लावते, पाच मिनिटं कुणालाही टेबलाला धक्का लावू देत नाही, मग मिनिटाला ०.१ फेरा इतक्या संथ गतीने व्हेन फिरवते. टॉर्क चढतो, शिखर येतं, उतरतो. लिहायचं ते शिखर. अशी मापं आठवडाभर जुळत राहिली.

पडताळायला ५७ मिमी उंचीचा छोटा स्लम्प कोन आहेच: पेस्टने भरायचा, उचलायचा आणि पेस्ट किती पसरते ते मोजायचं. त्यातली पेस्ट काचेवर ८० मिमी व्यासाची पसरली तर हिशेब ४७ पास्कलच्या आसपास येतो. फक्त पट्टी नीट धरा, सूत्रात त्रिज्येचा पाचवा घात आहे: व्यासात एक मिमी चुकलात की ६ टक्के गेले. कोन यंत्राहून थोडा कमी सांगतो, आणि सांगणारच, कारण तिथे पेस्ट वाहता वाहता थांबते.

व्हेन काढल्याबरोबर धुवा. माझ्याकडून एकदा जेवणाआधी राहून गेला. पात्यांच्या मुळाशी बसलेला तो राखाडी कडा दोन दिवस लाकडी काडीने खरवडत होते.